ताबोऱ्यातला नाताळ: मेणकापडाचा तारा आणि वारुळाच्या मातीचा गोठा

वसईतून किंवा आणखी कुठून जी मुलं-मुली पुढे आफ्रिकेत मिशनवर येतील, त्यांच्यासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. मी नंदाखालची. टांझानियाच्या पश्चिमेला, ताबोरा शहरापासून मोटारसायकलने दोनेक तासांवर आमचं मिशन आहे. चर्च, दवाखाना, प्राथमिक शाळा आणि आम्ही काही सिस्टर. आजूबाजूला मिओंबोचं जंगल, मधाचं आणि तंबाखूचं गाव. घराबाहेरचा हा माझा पहिलाच नाताळ. कामं दोनच होती: चर्चच्या दारावर तारा आणि आत गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार, ख्रिस्तराजाचा सण

मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर पाद्रेंनी (धर्मगुरूंना इथे असंच म्हणतात) सॅक्रिस्टीतली, म्हणजे वेदीशेजारच्या सामानाच्या खोलीतली, ट्रंक उघडून दाखवली आणि गोठ्याचं काम माझ्याकडे दिलं. आत प्लास्टरच्या जुन्या मूर्ती. दमटपणाने मारियेचे दोन्ही हात गळून गेलेले, योसेफाचा चेहरा बोट लावलं की पावडर होतोय. गाय तेवढी धड.

संध्याकाळी यादी करायला बसले आणि घरची यादीच लिहून काढली: बांबूच्या कामट्या, पतंगी कागद, खळ, भाताचा पेंढा, गोठ्यापुढे उगवायला नाचणी. नाचणी सोडून यातलं काहीच इथे सरळ मिळत नाही. सगळ्यात मोठी अडचण पेंढ्याची. आपल्याकडे भातकापणी होऊन पेंढा नुकता रचलेला असतो आणि नाताळ येतो. इथे कापणी मे-जूनला. डिसेंबर हा पेरणीचा महिना. सुकं गवत कुणाकडे उरलेलं नसतं आणि दिवसा माणूसही रिकामा नसतो. मका, भुईमूग, तंबाखूची रोपं, सगळं एकाच वेळी. या एका गोष्टीने माझा जितका वेळ खाल्ला तितका दुसऱ्या कशानेच नाही, म्हणून ती पहिल्याच नोंदीत लिहून ठेवते.

२९ नोव्हेंबर, बुधवार

ताऱ्याचा सांगाडा. पद्धत वाडीतलीच. एकाच लांबीच्या पाच काठ्या एकमेकींवरून घालून पाचकोनी तारा बांधायचा, तसाच दुसरा बांधायचा. दोन्ही तारे एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने आवळायची. मग आतल्या बाजूला जिथे काठ्या एकमेकींना छेदतात, त्या पाच ठिकाणी दोन ताऱ्यांच्या मध्ये वीतभर आडव्या काड्या ठोकायच्या, की तारा पोटातून फुगतो. मी चार फुटांच्या दहा काठ्या घेतल्या.

बांबू जवळपास नाही. मुलांनी जंगलातून सरळ, बोटाएवढ्या जाड, ओल्या काठ्या तोडून आणल्या. बांधताना छान वाकल्या, सांगाडा सुरेख दिसत होता.

२ डिसेंबर, शनिवार

सांगाडा बिघडला. काठ्या वाळताना पिळल्या गेल्या, एक टोक पुढे आलंय आणि एक मागे. काठ्या आक्रसल्यामुळे सुतळीच्या गाठीही ढिल्या पडल्या. पुन्हा आवळून पाहिलं, पण पीळ जात नाही. ओल्या लाकडाचा सांगाडा करूच नका.

उपाय शेजारच्या शेतकऱ्याने काढला. इथे तंबाखूची पानं काठ्यांवर ओवून भट्टीच्या खोलीत टांगतात. त्या काठ्या वर्षानुवर्षं धुरात वाळलेल्या असतात, सरळसोट आणि हलक्या. नव्या पानांची तोडणी सुरू व्हायला अजून अवकाश आहे, त्यामुळे सध्या त्या रिकाम्याच पडून आहेत. त्याने मोजून दहा दिल्या आणि जानेवारीत परत हव्यात म्हणून बजावलं. म्हणून खिळे न मारता फक्त सुतळीने बांधल्या. हा सांगाडा शेवटपर्यंत तसूभरही हलला नाही.

३ डिसेंबर, आगमनकाळाचा (नाताळच्या तयारीच्या काळाचा) पहिला रविवार

येताना बॅगेत पतंगी कागद घेऊन आले होते, लाल आणि पिवळा. पप्पांनी गुंडाळी करून प्लॅस्टिकच्या नळीत घालून दिला होता. काल रात्री मैद्याची खळ शिजवून तो लावला. आज दुपारी वादळी पाऊस झाला. तारा पडवीत होता, छपराखाली. तरी तिरक्या सरींनी कागद विरघळून लाल पाणी सांगाड्यावरून ओघळलं. यंदा एल निनोमुळे सगळ्या पूर्व आफ्रिकेत पाऊस नेहमीपेक्षा जोरात आहे. कागद पावसात टिकत नाही हे मला ठाऊक होतं. वसईत नाताळात पाऊस नसतो, म्हणून तो विचार मनातच आला नव्हता. तो कागद माझ्यासाठी नुसता कागद नव्हता. संध्याकाळी घरी फोन केला, पण त्यांना काही बोलले नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

रविवारी मन्यारा प्रांतात हनांग डोंगराच्या पायथ्याशी कटेश गावावर चिखलाचा लोंढा आला. माणसं, घरं, बाजार, सगळं गाडलं गेलं. रेडिओवर दिवसभर तेच चालू आहे. आमच्याकडे दर आठवड्याला शेजारपाजारची कुटुंबं मिळून प्रार्थनेला बसतात, त्याला जुमुइया म्हणतात. तिथे ठरलं की विजेच्या रंगीत माळांसाठी जमवलेले पैसे कटेशला पाठवायचे. कुणी हूं की चूं केलं नाही. एक आजी म्हणाल्या, त्या घरांमध्ये यंदा दिवा कोण लावणार, आपल्या माळा तिकडे जाऊ देत.

म्हणजे आता विकतचं काहीही नाही. गावात जे मिळेल त्यातूनच करायचं.

७ डिसेंबर, गुरुवार

ताऱ्याला मेणकापड. ताबोऱ्याचं मेण आणि मध देशभर जातो. झाडाच्या सालीची किंवा पोखरलेल्या ओंडक्याची पोळी जंगलात झाडांवर टांगलेली असतात. गावातल्या एका म्झेंकडून, म्हणजे जाणत्या बाबांकडून, दीड किलो कच्चं मेण घेतलं, १५,००० शिलिंगला. सध्या एका रुपयाला साधारण ३० शिलिंग. पातळ पांढरं सुती कापड तीन मीटर, ९,००० शिलिंग.

कृती सविस्तर लिहिते, कारण ती मला कुठे लिहिलेली सापडली नाही. लोखंडी पत्रा कोळशाच्या मंद शेगडीवर ठेवायचा, हात लावला तर चटका बसेल पण कापड करपणार नाही इतपत तापवायचा. त्यावर कापड पसरायचं आणि मेणाची वडी त्यावरून घासत न्यायची. मेण वितळून कापडात शिरतं, कापड तेवढ्या भागात काळपट ओलं दिसायला लागतं. चिंधीने जास्तीचं मेण पुढच्या कोरड्या भागाकडे ओढत न्यायचं. उचलून दोरीवर टाकलं की मिनिटाभरात कडक होतं. उजेडासमोर धरलं तर आधी कापडातून बोटांची सावली दिसत नव्हती, आता नखंसुद्धा दिसतात, आणि उजेड मधाच्या रंगाचा होतो. त्यावर तांब्याभर पाणी ओतलं. थेंब गोळा होऊन घरंगळले, खालचा पाट कोरडा. मुलं टाळ्या वाजवायला लागली आणि मलाही राहवलं नाही.

मेण भांड्यात वितळवायचं असेल तर थेट जाळावर कधीही ठेवू नका, ते पेट घेतं. पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा.

मेणाला खळ चिकटत नाही. अर्धी दुपार त्यात गेली. शेवटी दाभण आणि जाड दोरा घेऊन कापड काठ्यांना शिवलं. शिवणीच्या भोकांवरून मेणाचा बोळा फिरवला की पाणी आत जात नाही.

९ डिसेंबर, शनिवार, इथला स्वातंत्र्यदिन

सुट्टी, त्यामुळे मुलं भरपूर. मूर्तींसाठी माती आणली. इथे विटांना आणि भिंतींना वारुळाची माती वापरतात, कारण वाळवीने ती इतकी बारीक करून ठेवलेली असते की चाळावीच लागत नाही. आम्ही एक जुनं, वाळवी सोडून गेलेलं वारूळ फोडलं. खडे वेचले, कुटलं, पाण्यात भिजत घातलं.

गावात मडकी करणाऱ्या एक बीबी, म्हणजे आजी, आहेत. त्यांनी माती बोटांत चोळली, जिभेवर ठेवून पाहिली आणि नुसती ही माती फाटेल म्हणाल्या. तीन भाग मातीला एक भाग फुटक्या मडक्यांचा भुगा घालायला लावला. भुगा आधीच भाजलेला असल्याने आक्रसत नाही, त्यामुळे तडे कमी जातात. मिसळलेली माती पायांनी तुडवून ओल्या गोणपाटाखाली ठेवली.

११ डिसेंबर, सोमवार

मूर्ती घडवल्या. योसेफ, एक मेंढपाळ आणि तीन राजे मी केले. मारिया मात्र बीबींनी माझ्या हातातून काढून घेतली. मी गुडघे टेकलेली करत होते. त्यांनी तिला चटईवर बसवलं, पाय समोर सरळ पसरून, जशा इथल्या बायका अंगणात शेंगा सोलताना बसतात. कमरेला किटेंगेची, म्हणजे इथल्या रंगीत छापील कापडाची, घडी, डोक्याला फडकं, आणि मांडी मोकळी, बाळाला जागा म्हणून. गुळगुळीत गारगोटीने त्या तिचं कपाळ घासत राहिल्या, घासत राहिल्या, तोवर माती चमकायला लागली. हे काम करताना त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होत्या, किन्यामवेझीत, म्हणजे इथल्या न्यामवेझी लोकांच्या भाषेत, मला शब्द कळले नाहीत.

१५ डिसेंबर, शुक्रवार

मधल्या दिवसांत काम बंद. मलेरिया झाला. दवाखान्यातून तीन दिवसांच्या सहा मात्रा घेतल्या, चार-चार गोळ्यांच्या. ताप उतरला तरी पाय लटपटतात. इथे पहिल्या वर्षी बहुतेकांना होतो, वेळापत्रक आखताना हे धरूनच चाला.

पडल्या-पडल्या आमच्या संत गोन्सालोंचा विचार मनात येत होता. वसईतून निघून जपानला गेले आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेले. तिकडे थंडी होती, मला ऊन आहे. फोन नव्हता, पत्र पोचायला वर्ष लागे. त्यांनी तिथला पहिला नाताळ कसा काढला असेल? घरच्या आठवणीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा सोबतच्या वयस्कर सिस्टर म्हणाल्या, "रडून घे ग, मग पेज पी." त्यांचं ऐकलं.

आज नाचणी पेरली. इथे तिला उलेझी म्हणतात. ही मूळची पूर्व आफ्रिकेतलीच, इथूनच हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. म्हणजे आमच्या वाडीत गोठ्यापुढे जे हिरवं उगवतं ते तिथे पाहुणं आणि इथे घरचं. रात्रभर भिजवून फडक्यात बांधली होती, मोड आल्यावर पत्र्याच्या उथळ डब्यांत मातीवर पसरली.

१६ डिसेंबर, शनिवार

सकाळी डबे अंगणात. दहा वाजेपर्यंत कोंबड्यांनी निम्मे साफ केले. पुन्हा भिजत घातली. नवे डबे फाटक्या मच्छरदाणीखाली, खिडकीच्या उंच कट्ट्यावर.

तारा दारावर टांगून पाहिला. अकराच्या सुमारास मधमाश्या आल्या. आधी चार-दोन, मग ढग. इथल्या मधमाश्या चिडक्या असतात आणि शाळेची मुलं तिथेच खेळत होती. मुलांना आत घेतलं, दारं लावली. म्झेंना निरोप धाडला. ते धुराचं मडकं घेऊन आले, तारा शांतपणे उतरवला आणि दूरच्या आंब्याला टांगला. अंधार पडल्यावर माश्या निघून गेल्या. कुणालाही डंख झाला नाही, देवाची कृपा.

कारण त्यांनी लगेच सांगितलं. मेण धुतलेलं नव्हतं, त्यात मधाचा अंश होता. कच्चं मेण आधी भरपूर पाण्यात उकळायचं, गोणपाटातून गाळायचं, भांडं न हलवता रात्रभर निवू द्यायचं. मध पाण्यात उतरतो, मेणाची वडी वर गोठते, तिच्या बुडाशी काळा गाळ बसतो तो सुरीने खरवडून टाकायचा. मी ही पायरी वगळून सरळ वडी घासली होती. कापड उसवून गरम पाण्यात घालून मेण काढलं, धुतलं, पुन्हा चढवलं, पुन्हा शिवलं. तीन दिवसांचं काम झालं. शेवटी म्झेंनी ताऱ्याला तासभर धुरी दिली. त्यानंतर दिवसा एखाद-दुसरी माशी येऊन हुंगून जाते, तेवढंच.

१८ डिसेंबर, सोमवार

मूर्ती भाजल्या. उघडा खड्डा, खाली शेणी, मध्ये मूर्ती, वर झाडाची साल आणि काटक्या. आधी बीबींनी सगळ्या मूर्ती जाळाच्या कडेला फिरवून-फिरवून तापवल्या. तरीही आग चढल्यावर आतून दोन मोठे आवाज आले. योसेफ आणि एक राजा फुटला. दुसऱ्या राजाला आरपार तडा. मारिया, बाळ आणि मेंढपाळ सुखरूप.

फुटलेले तुकडे बीबींनी मला हातात घेऊन दाखवले. योसेफ आतून भरीव होता, मुठीएवढी जाडी. वरून कोरडी दिसणारी माती आत ओलीच होती. त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते. बीबींची मारिया खालून पोकळ, भिंत जेमतेम बोटभर. मेंढपाळ वाचला कारण तो मुळातच बारीक होता. मूर्ती करणार असाल तर खालून चमच्याने कोरून पोकळ करा आणि सावलीत निदान दहा दिवस वाळवा. पावसाळ्यात त्याहूनही जास्त.

दहा दिवस आपल्याकडे नाहीत. मी काळजीत होते तेव्हा पाद्रे म्हणाले, फ्रान्सिस असिसीकरांनी इटलीत ग्रेच्चोला १२२३ साली पहिला गोठा मांडला तेव्हा मूर्ती नव्हत्याच. गव्हाण, गवत, बैल आणि गाढव, एवढंच. यंदा त्याला बरोबर ८०० वर्षं झाली. आणि राजे तर ७ जानेवारीला, तीन राजांच्या सणाला लागतील, तोवर घाई कशाला? मग फक्त योसेफ नव्याने केला, पोकळ, आणि स्वयंपाकघरात चुलीवरच्या माळ्यावर वाळत ठेवला.

२० डिसेंबर, बुधवार

दिवा. या महिन्यांत देशभर वीजकपात चालू आहे, म्हणून ताऱ्यासाठी सोलर. दवाखान्यातलं २० वॅटचं जुनं पॅनल आणि चार्ज कंट्रोलर मागून घेतला. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी ४५,००० शिलिंग. एलईडीची पाच मीटरची पट्टी, वरून सिलिकॉन चढवलेली, पिवळट उजेडाची, १५,००० शिलिंग. सगळ्या कामात खरा खर्च हाच.

पूर्ण पट्टी लावली तर दोन तासांच्या आतच उजेड मंदावला. हिशेब मांडला: पट्टी मीटरला साधारण ४.८ वॅट घेते, पाच मीटरला २४. बॅटरीत कागदावर ८४ वॅट-तास, पण ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे हाताशी ४२. त्यात ढगाळ हवेमुळे पॅनल पूर्ण भरतच नाही. पट्टी दर तीन दिव्यांनंतर खुणेवर कापता येते. कापून दोन मीटर ठेवली आणि ताऱ्याच्या मधल्या काडीला गुंडाळली. आता चार तास बिनघोर चालतं. मेणकापड उजेड इतका छान पसरवतं की कमी दिवे आहेत हे बाहेरून कळत नाही.

रात्री तपासणी करताना पाऊस थांबला आणि पंख फुटलेली वाळवी आली. कुंबिकुंबी. दार, भिंत, ताऱ्याची टोकं, सगळीकडे पंखच पंख. मुलं परातीत पाणी घेऊन धावली, गोळा करून तव्यावर मिठात परतली. मलाही पानावर दिली, शेंगदाण्याच्या चवीची लागतात. पण मिस्सेच्या वेळी दारात हे नको. उपाय असा केला: शाळेच्या टोकाला एक पांढरा, झगझगीत बल्ब आणि खाली पाण्याची परात. पांढऱ्या उजेडाकडे किडे जास्त ओढले जातात. तारा पिवळा असल्याचा इथे फायदा झाला.

२२ डिसेंबर, शुक्रवार

योसेफ भाजला. फुटला नाही. कानाशी एक केसाएवढी चीर आहे, ती राहू दे.

गोठा वेदीच्या डाव्या हाताला. इथल्या जुन्या घरांसारखी गोल झोपडी, उघड्या तोंडाची. मेढी चार दिवसांपूर्वीच उभ्या केल्या होत्या. आज पाहते तर त्यांच्यावर वाळवीच्या मातीच्या नळ्या चढलेल्या. काढल्या. मेढींची टोकं जळक्या ऑइलमध्ये बुडवून सपाट दगडांवर ठेवली, भोवती राखेचं कडं. रोज सकाळी झाडू मारताना बघायचं.

छपराला गवत एका घरच्या धान्यकोठाराचं मिळालं, ते कोठार मोडून नवं बांधत होते. धुराने काळं पडलेलं, खडखडीत. उन्हात झटकल्याशिवाय आत आणू नका, आमच्या गवतातून विंचू निघाला.

२३ डिसेंबर, शनिवार

कुलकुल, आपला नाताळचा गोड फराळ. नारळ इथे किनाऱ्यावरून येतो आणि महाग पडतो, म्हणून भुईमुगाचं दूध काढून त्यात मैदा भिजवला. नव्या कंगव्यावर गोळी दाबून गुंडाळायला मुली पाच मिनिटांत शिकल्या. सूर्यफुलाच्या तेलात तळले. चव वेगळी, पण चांगली. डबाभर लपवून ठेवायला लागले.

२४ डिसेंबर, रविवार

यंदाची पंचाईत पंचांगाची. सकाळी आगमनकाळाचा चौथा रविवार आणि संध्याकाळी नाताळची पूर्वसंध्या, एकाच दिवशी. सकाळच्या मिस्सेपर्यंत वेदीवर आगमनकाळाचं जांभळं कापड, नाताळचं काहीही मांडता येत नाही. दुसरी मिस्सा संपायला दुपारचा एक वाजला. तिथून अंधार पडेपर्यंत सहा तास. म्हणून आधीच सगळं सॅक्रिस्टीत क्रमाने लावून ठेवलं होतं आणि कुणी काय उचलायचं ते ठरलेलं होतं. जांभळं उतरलं, पांढरं चढलं. झोपडी, मूर्ती, धड निघालेली ती जुनी गाय, नाचणीचे डबे. दुसऱ्या पेरणीची नाचणी चार बोटं वर आली होती, टवटवीत.

चारला पाऊस. तारा वर चढवायचा होता आणि शिडी ओली. थांबलो. साडेपाचला उघडलं. आधीच कप्पी बसवून दोर ओवला होता, त्यामुळे कुणालाही वर चढावं लागलं नाही, खालून ओढला. ही कप्पी शेजारच्या विहिरीची.

सातला काळोख झाला आणि तारा लावला. दूरच्या वाड्यांवरून लोक चालत येत होते, पाठीला मुलं, हातात चपला, चिखलाने पोटऱ्यांपर्यंत भरलेले. ओढा उतरून वळणावर आले की तारा दिसायचा आणि बायका तिथूनच विगेलेगेले घालायच्या, जीभ नाचवत काढलेला तो लांब आनंदाचा स्वर. एका वळणावरून एक, थोड्या वेळाने दुसरा. मी दारात उभी होते. मला बोलताच येईना.

आठला मिस्सा. बाळाला सुपात घालून आणलं. इथलं सूप गोल असतं. बीबींच्या नातीने ते डोक्यावर धरलेलं, मागे ढोल आणि नाचत येणाऱ्या मुली. वेदीपाशी आल्यावर बीबी पुढे झाल्या आणि त्यांनीच बाळ मारियेच्या मांडीवर ठेवलं. माप अचूक होतं. अर्पणाला कोंबड्या, मका, अंडी, आंबे आणि एक बकरी.

मिस्सेनंतर घरी फोन लावला. आपल्याकडे घड्याळ अडीच तास पुढे, मध्यरात्र उलटली होती. आईने विचारलं, "तिथे तारा आहे का ग?" फोन फिरवून दाखवला. पप्पा म्हणाले, "हा कसला कागद?" सगळं सांगितलं, पावसात गेलेल्या कागदासकट. ते म्हणाले, मेणकापड आपणही करून बघू, दव पडतंच की.

२५ डिसेंबर, सोमवार

पाद्रेंबरोबर जंगलातल्या एका किगांगोत, म्हणजे उपकेंद्रात. आंब्याखाली मिस्सा, बाप्तिस्मे, नंतर पिलाव. लपवलेले कुलकुल इथे संपले. तिथल्या कातेकिस्तांना, म्हणजे धर्मशिक्षकांना, ताऱ्याबद्दल कळलं होतं. त्यांनी काठ्यांची लांबी दोरीला गाठ मारून माझ्याकडून घेतली.

२८ डिसेंबर, गुरुवार

खर्च: बॅटरी ४५,०००, पट्टी १५,०००, मेण १५,०००, कापड ९,०००, सुतळी-दोरा-दाभण ४,०००, वायर आणि बटण ६,०००. एकूण ९४,००० शिलिंग, म्हणजे तीन हजार रुपयांच्या थोडं वर. बॅटरी आता दवाखान्यात रात्रीच्या दिव्याला लागेल, त्यामुळे तो खर्च वाया नाही. बीबींनी पैसे घेतले नाहीत. त्यांना एक किटेंगे दिलं आणि त्यांनी ते घेतलं. राजे पोकळ करून नव्याने घडवले, माळ्यावर वाळताहेत.

८ जानेवारी २०२४, सोमवार

काल राजे गोठ्यात आले, तिघेही शाबूत. आज सगळं उतरवलं. मेणकापड सपाट ठेवा, घडी घातली की घडीवर मेण तडकतं. पुन्हा तापल्या पत्र्यावर फिरवलं की बरं होतं. दुपारच्या उन्हात ते मऊ पडून धूळ धरतं, म्हणून तारा पडवीखालीच टांगा. काठ्या शेतकऱ्याला परत केल्या, दहाच्या दहा. मूर्ती राखेत गाडून ट्रंकेत ठेवल्या; ट्रंकही आता दगडांवर आहे. नाचणी बकरीला.

पुढच्या वर्षासाठी गवत जूनमध्ये कापावं लागेल. धान्यकोठारवाल्यांशी बोलून आले, ते चार पेंढ्या माळ्यावर बाजूला ठेवतील. आणि माती ऑगस्टमध्येच भिजवायची, बीबींनी दोनदा बजावलंय.